पंधरा नंबरची बोअर

असोदा,
सोमवार, २१ एप्रिल

तीर्थरूप तोताराममामा,

तुमची भाची मयुरी दोन्ही हात जोडून आणि मान जमेल तितकी वाकवून नमस्कार करते आहे. (मान पूर्ण वाकत नाही. महिनाभर लोकांच्या विहिरींत डोकावून ती एका बाजूला धरली आहे.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं पाहता आई ठीक आहे, मी हिंडतेफिरते आहे आणि अण्णा दोन वेळा जेवतात. याहून पुढचं काही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मामींचा गुडघा कसा आहे? त्यांनी जिना चढू नये आणि तुम्ही त्यांना वरच्या मजल्यावरून हाका मारू नयेत, असं आईने लिहायला सांगितलंय. तुमच्या कानाचं यंत्र आलं का? आलं असेल तर ते डबीत न ठेवता कानात घाला, हेही आईनेच सांगितलंय.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन केले होते, मामा. तीनदा तुमच्या ऑफिसातल्या पंडितने उचलला आणि तीनदा 'मामा मशीनवर शेतस, त्यास्ले काहीच आयकू येत नही' असं सांगून ठेवला. चौथ्यांदा तुम्हीच उचललात. मी म्हटलं, 'मामा, घरात मोठा घोळ झालाय.' तुम्ही म्हणालात, 'खोल? जाऊ की! पाहिजे तेवढं खोल जाऊ!' आणि फोन बंद. आवाजी निरोप पाठवावा तर तो तुम्ही स्पीकरवर लावता आणि तुमच्या बोअर मारायच्या गाडीवरची सगळी माणसं चहा पीत ऐकतात. (मामींच्या माहेरची ती भानगड अशीच दोंडाईच्यापर्यंत पोचली होती.) म्हणून कागद. तोही तुम्ही मोठ्याने वाचाल, तर कृपा करून आधी केबिनचं दार लावा. आणि हो, मी काही मागायला लिहीत नाहीये. नुसती हकीकत कळवते आहे.

मी पुण्यात एम. ए. करते हे तुम्हाला ठाऊक आहे. कशात करते हे मात्र आपल्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. विषयाचं नावच 'नैसर्गिक साधनसंपत्ती आणि पर्यावरण बदलाचं जागतिक राजकारण' असं आहे. ते उच्चारून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या पाहुण्याकडे वळलेला असतो. अण्णा गावात 'मयुरी कलेक्टरचं करते' असं सांगतात. आई 'पाण्यापावसाचं' म्हणते. लग्नाच्या बायोडेटात (हो, तो तयार आहे, फोटोसकट) नुसतं 'उच्च शिक्षण' लिहिलंय. थोडक्यात सांगायचं तर जमिनीखाली जे जे सापडतं आणि जमिनीवरून जे जे वाहतं, त्यासाठी जगात कोण कोणाच्या मानेवर बसलंय, ते मी दीड वर्षं शिकते आहे. वरच्या देशाने धरण बांधलं की खालचा देश जुने नकाशे काढतो. दोनशे देशांची माणसं एका हॉलमध्ये बसून करारातल्या एका शब्दावरून तीन-तीन दिवस भांडतात आणि शेवटी तो शब्दच काढून टाकतात. मला हे सगळं वाचायला फार आवडायचं. लांबचं भांडण कुणालाही आवडतं.

मग मॅडमनी प्रबंधाचा विषय विचारला. मी ऐटीत म्हटलं, दक्षिण अमेरिकेतलं लिथियम. त्यांनी विचारलं, तू कुठली? म्हटलं, असोद्याची. असोद्यातून बाहेर काय जातं? केळी. कुठे जातात? आखाती देशांत, कंटेनरमधून. आणि केळ्यांबरोबर काय जातं? मी म्हटलं, खोकी. सगळा वर्ग हसला. उत्तर 'पाणी' असं होतं. अशा रीतीने लिथियम गेलं आणि मी मार्चच्या मध्यावर आपल्याच गावातलं जमिनीखालचं पाणी मोजायला सहा आठवड्यांसाठी घरी आले.

कॉलेजने मला एक फीत दिली. दीडशे मीटरची, चाकावर गुंडाळलेली, टोकाला पितळी वजन; ते पाण्याला टेकलं की वर चाकात बारीक शिट्टी वाजते. ही शिट्टी ऐकायला पहिले चार दिवस निम्मं गाव माझ्या मागे होतं. एका गृहस्थांनी स्वतःच्या पाण्याच्या टाकीत ती तीनदा वाजवून घेतली आणि 'टाकीत पानी हाये' अशी खात्री झाल्यावर मला जाऊ दिलं. विहिरींचं काम सोपं होतं, त्या उघड्या असतात. (एका विहिरीत मधमाश्या होत्या. ती मी दुरूनच 'कोरडी' अशी लिहिली. मॅडमना सांगू नका.) बोअरवाल्यांचं अवघड. दोनशे फुटांच्या खाली जायला परवानगी लागते, त्यामुळे असोद्यातली प्रत्येक बोअर, मालकाच्या तोंडून ऐकाल तर, एकशे नव्वद फूट आहे. मी फीत सोडायची. दोनशे फूट, तीनशे, चारशे, शेवटी फीतच संपायची आणि शिट्टी नाही. तोवर मालक लिंबावरचा एखादा पक्षी फार लक्ष देऊन बघत असायचा. मग मी रकान्यात 'मालकाच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहायला शिकले. तुम्हाला हसू येत असेल, मामा. येणारच. त्यांतल्या निम्म्या तुमच्याच गाडीने मारलेल्या आहेत.

मधे एकदा नशिराबादच्या रस्त्यावर उत्तमचंदशेठच्या पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन आले. अण्णांची केळी गेली सहा वर्षं तिथूनच बाहेरदेशी जातात, म्हणून शेठजींनी ताक पाजलं आणि सगळी शेड हिंडून दाखवली. मी त्यांना सांगितलं की पुस्तकाच्या हिशेबाने एक किलो केळ्यांमागे सातशे-आठशे लिटर पाणी लागतं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'म्हणजे बेटा, मी खोक्यावर छापू का, आत तेरा किलो केळी, सोबत दहा हजार लिटर पाणी फुकट?' शेडमधल्या बायकाही हसल्या. पण मग त्यांनी केळ्यांची एक फणी हातात घेतली आणि हसणं सोडून सांगितलं की तिकडचं गिऱ्हाईक केळं पट्टी लावून मोजतं. बोटभर आखूड निघालं तर खोकं इथेच राहतं. 'तुझ्या वडिलांचं एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं तर मला ते फणीत दिसतं. मला तुझी फीत लागत नाही.' मी ते वहीत उतरवून घेतलं, वर मथळा दिला 'बाजारपेठेचा दबाव', आणि ताकाबद्दल आभार मानून निघाले. वहीत उतरवलं की ते आपल्याच घराबद्दल आहे हे सोयीस्करपणे विसरायला होतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शेताला लागून कमलबाईंचं शेत आहे. मी त्यांना आत्या म्हणते. नात्याच्या नाहीत, बांधाच्या आहेत. साठी उलटलेली बाई, एकटीच शेत करते, दीड एकर केळी आणि बाकी कापूस. त्यांची दगडी बांधणीची विहीर त्यांच्या सासऱ्याने खणलेली, आणि आमच्या पिढीने ती तळाला गेलेली कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षापासून ती खाली चाललीय. यंदा मोटर अर्धा तास चालते आणि हवा ओढायला लागते. मी फीत घेऊन गेले तेव्हा त्या काठावर बसल्या होत्या. म्हणाल्या, 'पोरी, तुझ्या त्या फितीले विचार, माझं पानी कोठी गेलं?'

मी विचारलं. तीच चूक झाली. बारा दिवस मी रोज तीन वेळा त्यांची विहीर मोजली. काही दिवशी पाणी उतरायचं, काही दिवशी हात-हात चढायचं, आणि त्यांची स्वतःची मोटर तर बहुतेक बंदच. आकडे आलेखावर मांडले तेव्हा नागमोडी रेघ निघाली. ही रेघ कशाने हलते हे मला दोन दिवस कळेना. चंद्राच्या कला लावून पाहिल्या (हसू नका), जळगावच्या कारखान्यांच्या सुट्ट्या लावून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना आई सहज म्हणाली, 'आज लाइट नाही, तुझ्या बापाची मोटर बंद, म्हणून घरी वेळेवर जेवायला तरी आला.' उष्ट्या हातानेच उठले. वही काढली. आमची मोटर चालू, विहीर खाली. आमची मोटर बंद, विहीर वर. बाराच्या बारा दिवस. मामा, माझ्या वहीत कमलआत्यांची विहीर चौदा नंबर आणि बांधाच्या अलीकडची आमची बोअर पंधरा नंबर. ती दोन वर्षांपूर्वी कोणी मारली हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्या दिवशी हातावरचा चिखल पुसत 'शालिग्रामभाऊ, खाली समुद्र आहे' म्हणाला होतात आणि आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. मी चार खाल्ल्या होत्या.

मॅडमना फोन केला. त्यांना इतका आनंद झाला की मला रडू आलं. त्या म्हणाल्या, उत्तम निष्कर्ष आहे, आता नियमाप्रमाणे तो गावासमोर मांड, नावं न घेता, फक्त नंबर सांगून. मला ते पटलं. नंबर म्हणजे पडदा, असं मला वाटायचं. पुण्यात तो पडदा असेलही. असोद्यात चौदा नंबर म्हटलं की माणसं बोटावर शेतं मोजायला लागतात.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा होती, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. लोकांना घरोघरी जाऊन बोलावणं त्यांनीच केलं होतं: 'आमची मयुरी बोलनार हाये.' मी त्यांना आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. तीनदा त्यांच्या खाटेपर्यंत गेले आणि तीनदा 'चहा ठेवू का' असं विचारून परत आले. तेव्हा मी काय केलं, तर सभेत जगाबद्दल बोलायला लागले. नद्या, धरणं, वरचा देश, खालचा देश. वरचा म्हणतो पाऊस माझ्या डोंगरावर पडला, खालचा म्हणतो माझे आजे-पणजे हेच पाणी प्यायले. लोक माना डोलावत होते. अण्णा मागे वळून बघत होते, सगळे ऐकताहेत ना म्हणून. शेवटी मी आलेख दाखवला, 'चौदा नंबरची विहीर आणि पंधरा नंबरची बोअर, असा एक संबंध दिसतो' असं एका दमात म्हटलं आणि कागद गुंडाळायला घेतला.

भाईदासकाका उठले. एसटीतून रिटायर झालेले. तीस वर्षं तिकिटं तपासल्यामुळे त्यांना बिनतिकिटाचा माणूस चेहऱ्यावरून कळतो. त्यांनी विचारलं, 'पंधरा नंबर कोनाची व?'

मी म्हटलं, अभ्यासाचा नियम आहे, नाव सांगता येत नाही.

'बरं. चौदा नंबर कमलबाईची, येवढं तर दिसूनच राह्यलं. तिच्या बांधाले लागून बोअर किती?'

एकच आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पंखा फिरत होता आणि माझ्या हातातला आलेख त्याच्या वाऱ्याने फडफडत होता. मला तो आवाजही लपवावासा वाटत होता. कमलआत्या मागच्या रांगेत पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. अण्णा सावकाश उभे राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, 'पंधरा नंबर माही. फीत चुकली असंन. उद्या सकाई आठ वाजता कमलबाईच्या इहिरीवर या सारे. मी मोटर चालू करतो, पोरगी मोजीन. मंग बोला.' आणि चपला घालून निघून गेले. आई त्यांच्यामागे. मी आलेख घेऊन तिथेच. लोक माझ्या बाजूने वाट सोडून चालत होते, जसे ओल्या फरशीवर चालतात.

मामा, आता जे लिहिते ते मामींनाही सांगू नका. शनिवारी मी सगळ्यांच्या आधी, सातलाच विहिरीवर गेले आणि फितीच्या चाकातली बॅटरी काढून ओढणीच्या गाठीत बांधली. शिट्टी वाजलीच नाही तर मोजणीच होणार नाही. फीत खराब झाली म्हणेन, पुण्याला परत पाठवेन, तोपर्यंत पाऊस येईल, विहिरी भरतील, लोक विसरतील. पुस्तकांत याला 'आकडेवारीचा अभाव' म्हणतात आणि मोठमोठी सरकारं त्यावर वर्षानुवर्षं काढतात. मी तर एक सकाळच मागत होते.

पावणेआठला लोक जमले, पन्नास तरी असतील. अण्णा आले, तोच इस्त्रीचा शर्ट. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, 'फीत बराबर हाये ना? उद्या कोनी म्हनायले नको का शालिग्रामच्या पोरीनं बापासाठी लबाडी केली.' आणि उत्तराची वाट न बघता स्टार्टरकडे गेले. ज्या माणसाचं भांडं फुटणार होतं तोच मला सांगत होता की नीट मोज. मी चाक पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली आणि बॅटरी परत बसवली. घाईत ती दोनदा उलटी बसली.

आठ वाजता शिट्टी वाजली अडुसष्ट फुटांवर. भाईदासकाकांनी कागदावर लिहिलं. अण्णांनी मोटर लावली. नऊ वाजले, शिट्टी अडुसष्टवरच. साडेनऊ, अडुसष्टवरच. लोक कुजबुजायला लागले, मग उघड बोलायला लागले. कुणी म्हणालं, पुण्याची फीत आहे, तिला इथलं पाणी कळत नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. आणि मला, मामा, आनंद होत होता. माझा सगळा अभ्यास खोटा ठरत होता आणि मी मनातल्या मनात फितीला हात जोडत होते की अशीच राहा. फक्त कमलआत्या माझ्यासमोर दगडावर बसल्या होत्या आणि विहिरीत न बघता माझ्याकडे बघत होत्या.

सव्वादहाला फीत अडुसष्टवर सोडली आणि शिट्टी वाजली नाही. चहाचे कप हातातच राहिले. मी दोन बोटं खाली सोडली. नाही. आणखी दोन बोटं. वाजली. अकराला वीतभर. बाराला दीड फूट. दर वेळी मी आकडा मोठ्याने म्हणायची आणि दर वेळी माझा आवाज आधीपेक्षा बारीक व्हायचा. बारा वाजून दहा मिनिटांनी अण्णा स्वतः उठले, बांध ओलांडून गेले आणि मोटर बंद केली. परत येऊन भाईदासकाकांना एवढंच म्हणाले, 'लिवा.' मग उन्हात डोक्यावर रुमाल टाकून सगळ्यांबरोबर उभे राहिले. पाऊण तासाने मी फीत सोडली तर पाणी चार बोटं वर आलं होतं.

मला वाटलं होतं कमलआत्या भांडतील. शिव्या देतील, तो त्यांचा हक्क होता. त्या कितीतरी वेळ काठावर हात फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, 'मले वाटलं, इहिरच म्हातारी झाली माझ्यासंग.' अण्णांनी रुमाल डोक्यावरून काढला, परत टाकला, आणि घरी निघाले.

तेव्हापासून आज नववा दिवस... नाही, तो शनिवार धरून दहावा. मला दिवसांचंही कळेनासं झालंय. अण्णा माझ्याशी बोललेले नाहीत. बोलणं सगळं आईच्या मार्फत चालतं. मी स्वयंपाकघरात, ते ओसरीवर, आणि मधल्या दारात आई. 'तिला सांग, मिरच्या वाळल्या.' 'त्यांना म्हणावं, उचलते.' परिषदांत अशा माणसाला मध्यस्थ म्हणतात आणि त्याला वेगळी खोली देतात. आईला ती दाराची चौकट आहे, आणि परवा ती म्हणाली की दोघांपैकी एकाने जरी पुन्हा 'त्यांना सांग' म्हटलं तर ती सरळ धुळ्याला भावाकडे निघून येईल. तेव्हा एक खोली तयार ठेवा. गावात माझी फीत दिसली की बोअरवाले फाटकाला कुलूप लावतात. दोन विहिरींवर मला 'मालक घरी नाहीत' असं खुद्द मालकांनी सांगितलं. मॅडमचा मात्र रोज मेसेज येतो: अभिनंदन, लिहायला घे. मी काय लिहू? परदेशातल्या दोन सरकारांबद्दल मी 'वरच्या पक्षाने जबाबदारी स्वीकारावी' असं कितीदा तरी लिहिलंय. वरचा पक्ष जेवताना समोर बसला की वाक्य पुढे जात नाही.

एवढीच हकीकत. मामींना नमस्कार, पंडितला फोन नीट उचलायला सांगावं. तब्येतीला जपा, उन्हात गाडीवर उभे राहू नका. मान सुटली की प्रत्यक्ष येऊन पाया पडेन. तूर्त कागदावरूनच पडते.

तुमची,
मयुरी

ता. क. १ : काही मागायचं नाही असं वर लिहिलंय, ते खोडून वाचावं. मामा, गुरुवारी तुमची गाडी असोद्याला येणार आहे, आणि पहिलं नाव अण्णांचं आहे हे मला काल कळलं. त्यांचं म्हणणं असं (आईकडून आलेलं) की आणखी तीनशे फूट खाली गेलं म्हणजे झालं. 'वरचं पानी कमलबाईचं, खालचं माझं.' ते हे मनापासून म्हणतात, त्यांना तो न्याय वाटतो. पण आपल्या बोअरला पाइप आहे फक्त वरच्या साठ फुटांत. त्याखाली भिंतीतून वरच्या थराचं पाणी बोअरमध्ये पडतं. आणखी खाली गेलो तर ते आणखी खाली पडेल, एवढंच. हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. सभेत आलेल्या आणखी दहा जणांनीही घाबरून गाडी सांगितली आहे. प्रत्येकाला दुसऱ्याहून खोल जायचंय. माझ्या अभ्यासाचा गावाला झालेला फायदा म्हणजे तुमचा धंदा. एप्रिल-मे हाच तुमचा हंगाम आहे हे जाणते, आणि तरी मागते: गाडी आणू नका. बिघडली म्हणा. कॉम्प्रेसर गेला म्हणा. अण्णा माझं ऐकणार नाहीत, तुमच्या कॉम्प्रेसरचं ऐकतील.

ता. क. २ : आत्ताच कळलं की शुक्रवारी सकाळचं नाव कमलआत्यांचं आहे. त्यांनाही पाचशे फूट हवंय. तेव्हा कॉम्प्रेसर दोन दिवस तरी बिघडलेला असू द्या.

ता. क. ३ : पत्र पोस्टात न टाकता धुळ्याच्या गाडीत कंडक्टरकडे द्यायचं ठरलंय, म्हणजे उद्याच पोचेल. अण्णा सकाळी जळगावला जाणार आहेत, आई पाकीट त्यांच्याकडे देईल. काळजी नको, मी ते डिंकाने दोनदा चिकटवलं आहे.

तोताराम, हे खालचं शालिग्रामच्या हातचं. पाकीट तुझ्या बहिणीने, बेबाने, वाफेवर सोडवून दिलं, दोघांनी वाचलं. गुरुवारी गाडी आणू नको, कॉम्प्रेसर चांगला असला तरी. कमलबाईकडे आज सकाळी जाऊन आलो. एक दिवस तिची मोटर, एक दिवस माझी, असं ठरलं. मग तीही गाडी नको म्हणाली. एवढ्या पाण्यात माझी सगळी केळी निघणार नाहीत, दीड हजार खोडं काढून टाकतो. आता शेठजींना तेच सांगायला चाललोय. बाकी दहा जणांचं तू आणि ते बघा, मी कोणाला शहाणपण शिकवायला जाणार नाही. पण रविवारी तू ये. कमलबाईच्या विहिरीत बारा-पंधरा वर्षांचा गाळ आहे, तो काढायला क्रेन लागेल, ती कोणाची तरी बघून आण. आणि जेवायलाच ये. पोरगी इतके दिवस माझ्याशी बोललेली नाही, तिला माझ्या शेजारी बसव.